काँक्रीटमधली भेग आणि तिच्यातून जाणारे पाणी : गळतीचे गणित कसे मांडले जाते?

पाण्याची टाकी, बोगदा, धरण किंवा अणुभट्टीचे कवच यांच्या काँक्रीटला भेगा गेल्याची बातमी आली, की तिच्यामागोमाग बहुधा दोन विधाने येतात. एक बाजू सांगते की भेगा केवळ वरवरच्या आहेत आणि बांधकामाला धोका नाही. दुसरी बाजू म्हणते की भेग पडली, याचाच अर्थ काम निकृष्ट झाले. या दोन्हींतून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण खरा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. त्या भेगेतून किती पाणी किंवा किती वायू बाहेर पडेल, आणि हे कोणी कसे ठरवले? त्याचे उत्तर देण्यासाठी अभियंते गणिती मॉडेलचा आधार घेतात, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामाचे वर्तन समीकरणांच्या रूपात मांडून ते संगणकावर सोडवतात. हे गणित कशावर उभे आहे, त्यावर कुठे विसंबता येते आणि कुठे त्याची पकड सुटते, ते पुढे पाहू.

भेग नसलेले काँक्रीटही पूर्ण बंद नसते

सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन जो घट्ट लगदा तयार होतो, त्यात जागोजागी पोकळ्या राहतात. त्यांतल्या सर्वांत लहान पोकळ्या काही नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास असतात आणि त्यांतून पाणी जवळजवळ हलतच नाही. क्रियेत न वापरले गेलेले पाणी मागे ठेवते त्या पोकळ्या मात्र मोठ्या असतात. त्यांना केशिका-छिद्रे म्हणतात. ही छिद्रे एकमेकांना जोडलेली असतील तर पाण्याला वाट मिळते. मध्येच तुटलेली असतील तर काँक्रीट सच्छिद्र असूनही पाणी अडते. छिद्रे किती आहेत याला दुय्यम महत्त्व आहे, ती जोडलेली आहेत का याला पहिले.

ही जोडणी मुख्यतः पाणी-सिमेंट गुणोत्तरावर, म्हणजे मिश्रणात सिमेंटच्या तुलनेत किती वजनाचे पाणी घातले यावर, आणि क्युरिंगवर, म्हणजे ओतलेले काँक्रीट किती दिवस ओले ठेवले यावर ठरते. टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की हे गुणोत्तर ०.४५ असेल तर साधारण ७ दिवसांच्या ओल्या क्युरिंगनंतर केशिका-छिद्रांची सलगता तुटते. गुणोत्तर ०.६० असेल तर त्यासाठी सुमारे ६ महिने लागतात, आणि ते ०.७० च्या वर गेले तर कितीही क्युरिंग केले तरी ती तुटत नाही. मिश्रणात सहज म्हणून ओतलेल्या जादा पाण्याचा हिशेब इथे चुकता करावा लागतो.

एखाद्या पदार्थातून द्रव किंवा वायू दाबाखाली किती सहज पार होतो, त्या गुणधर्माला पारगम्यता म्हणतात. तिचा मूळ नियम फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ मध्ये दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात, वाळूच्या थरांवर प्रयोग करून मांडला. थराच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक जितका जास्त आणि थराची जाडी जितकी कमी, तितका प्रवाह जास्त. प्रमाणाचा जो अंक उरतो, तो त्या पदार्थाचा.

हा नियम चांगल्या, भेग नसलेल्या काँक्रीटला लावून पाहू. भिंत ३० सेंटीमीटर जाड आहे आणि तिच्यामागे ३ मीटर उंचीचे पाणी उभे आहे असे धरू. दाट काँक्रीटसाठी नियमातला प्रमाणांक सेकंदाला एका मिलिमीटरचा अब्जावा भाग इतका असू शकतो. या हिशेबाने भिंतीच्या एका चौरस मीटरमधून दिवसभरात एक मिलिलिटरपेक्षाही कमी पाणी पार होते. बाहेरच्या बाजूला ते पोहोचताच त्याची वाफ होते, म्हणून भिंत कोरडीच दिसते.

मग भेगा पडतात तरी कशाला?

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दाब सोसण्याच्या तुलनेत काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते आणि लांबीच्या दर दहा लाख भागांमागे सुमारे १०० भाग इतके ताणले गेले की ते फुटते. याच मापाने वाळताना होणारे आकुंचन ५०० भागांच्याही पुढे जाऊ शकते आणि तापमान २० अंशांनी उतरले की आणखी सुमारे २०० भाग आकुंचन होते. काँक्रीट मोकळे असते तर ते नुसतेच आखडले असते. पाया, शेजारची भिंत किंवा आतल्या सळया त्याला धरून ठेवतात, म्हणून ते तडकते.

त्यामुळे भेग म्हणजे निकृष्ट काम हे समीकरण सरसकट लावता येत नाही. सळया घातलेल्या काँक्रीटचे तत्त्वच असे आहे की काँक्रीट तडकल्यानंतरच पोलाद खऱ्या अर्थाने ताण उचलू लागते. भेगा मुळीच पडू नयेत असा आराखडा करता येतो, त्यासाठी पूर्वताणाच्या केबल घालून काँक्रीट कायम दाबाखाली ठेवावे लागते, पण बहुतेक बांधकामांत अपेक्षा इतकीच असते की भेगा बारीक राहाव्यात आणि विखुरलेल्या असाव्यात. किती बारीक, याचे उत्तर पुढच्या गणितातून येते.

रुंदी दुप्पट, गळती आठपट

भेगेचे सर्वांत साधे चित्र म्हणजे दोन सपाट, समांतर पृष्ठभाग आणि त्यांच्यामधली अरुंद फट. अशा फटीतून संथ वाहणाऱ्या द्रवाचे समीकरण नेमकेपणाने सोडवता येते आणि त्याचे उत्तर असे येते की प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. कारण समजायला अवघड नाही. रुंदी दुप्पट झाली की पाण्याला जायची जागा दुप्पट होते; शिवाय फटीच्या कडांशी पाणी चिकटून राहते, आणि कडांपासूनचे अंतर वाढले की मधल्या पाण्याचा वेग वाढतो, तो रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट. दोन गुणिले चार मिळून आठ. याला घन-नियम म्हणतात आणि या विषयातला हा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ आहे.

आता वरच्याच भिंतीत आरपार गेलेली, ०.२ मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब भेग आहे असे समजू. घन-नियमानुसार तिच्यातून तासाला सुमारे २३५ लिटर पाणी जाईल. भेग ०.१ मिलिमीटरची असेल तर तोच आकडा सुमारे २९ लिटरवर येतो आणि ०.०५ मिलिमीटरची असेल तर ४ लिटरच्याही खाली. शेजारच्या अभंग काँक्रीटमधून पूर्ण दिवसात एक मिलिलिटरही जात नव्हते, हे आठवले म्हणजे फरक किती लाखपट आहे ते दिसते. अशा भिंतीत काँक्रीटच्या स्वतःच्या पारगम्यतेला गळतीच्या हिशेबात जवळपास काही स्थान उरत नाही. काँक्रीट उंची प्रतीचे वापरले, म्हणून भिंत गळणार नाही, हा युक्तिवाद आरपार भेगेपाशी संपतो.

याच नियमातून आणखी एक गोष्ट निघते, जी अभियंत्यांना फार उपयोगी पडते. ०.२ मिलिमीटरच्या एका भेगेऐवजी ०.१ मिलिमीटरच्या दोन भेगा पडल्या, तर एकूण उघडीप तेवढीच राहते, पण गळती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच पाणी धरणाऱ्या बांधकामांत मोजक्या जाड सळयांऐवजी जवळजवळ बसवलेल्या बारीक सळया घातल्या जातात. सळयांमुळे भेगा थांबत नाहीत, त्यांची वाटणी होते. वरवर पाहणाऱ्याला भेगांची संख्या वाढलेली दिसेल आणि तो घाबरेल, पण गळतीच्या दृष्टीने ती भिंत अधिक चांगली असते.

प्रत्यक्षातली भेग इतकी सरळ नसते

घन-नियमावरचा पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो रास्त आहे. काँक्रीटमधली भेग खडीच्या कडेकडेने वळसे घेत जाते, तिच्या भिंती खडबडीत असतात, जागोजागी वाळूचे कण आणि सिमेंटचे तुकडे तिला अडवतात, आणि काही ठिकाणी दोन्ही बाजू अजून चिकटलेल्याही असतात. त्यामुळे प्रत्यक्ष मोजलेली गळती नियमाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरते. मॉडेलमध्ये हा फरक एका गुणकाने सामावून घेतला जातो. आदर्श फटीसाठी तो १ असतो. खऱ्या भेगांसाठी तो प्रयोगांतून काढावा लागतो आणि दहाव्या हिश्श्याच्या आसपासच्या किमती त्यात नवलाच्या नाहीत. अडचण अशी की हा गुणक एका भेगेपासून दुसऱ्या भेगेपर्यंत अनेक पटींनी बदलतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. रुंदी म्हणजे कुठली रुंदी? तपासणी करणारा माणूस भिंग आणि मोजपट्टी लावून पृष्ठभागावर मोजतो, पण भेग आत सगळीकडे तेवढीच नसते. सळईजवळ ती आवळलेली असते. समजा भेगेच्या अर्ध्या खोलीपर्यंत रुंदी ०.३ मिलिमीटर आहे आणि उरलेल्या अर्ध्यात ०.१ मिलिमीटर. सरासरी ०.२ येते. मात्र पाण्याला दोन्ही भाग एकापाठोपाठ ओलांडायचे असल्याने अरुंद भागाचीच सत्ता चालते, आणि खरा प्रवाह सरासरी रुंदीने काढलेल्या आकड्याच्या जेमतेम पाव हिस्सा असतो. पृष्ठभागावर दिसणारी ०.३ ची रुंदी सरळ गणितात घातली, तर उत्तर चौदापट फुगते. बातम्यांतल्या भेगांच्या रुंदीचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

तिसरी गोष्ट म्हणजे भेग आरपार आहे का. वाकणाऱ्या भिंतीची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. दाबल्या गेलेल्या पट्ट्यात भेग शिरत नाही. द्रव साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठीच्या युरोकोडमध्ये, म्हणजे युरोपच्या बांधकाम मानकात, या दाबल्या गेलेल्या पट्ट्याची किमान जाडी दिली आहे : ५० मिलिमीटर किंवा भिंतीच्या जाडीचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढा पट्टा अभंग राहिला, तर दुसऱ्या बाजूच्या भेगा डोळ्यांना कितीही खुपल्या तरी पाणी पार जात नाही. भेगा वरवरच्या आहेत हे विधान खरे असू शकते ते याच अर्थाने, फक्त ते तपासून सांगितलेले असावे लागते.

भेग दिसण्याआधी काय घडते

काँक्रीट एका क्षणी अखंड आणि दुसऱ्या क्षणी तडकलेले, असे होत नाही. भार वाढू लागला की आधी खडी आणि सिमेंट यांच्या सीमेवर अतिसूक्ष्म तडे निर्माण होतात. ते सगळीकडे विखुरलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. भार आणखी वाढला की त्यांपैकी काही एका अरुंद पट्ट्यात एकवटतात, एकमेकांना जोडले जातात आणि त्यातून दिसणारी भेग जन्माला येते.

पारगम्यतेवर याचा परिणाम कसा होतो, हे दाट, जुन्या वस्तीतल्या बोळांवरून समजून घेता येईल. बोळ पुष्कळ असतात, पण अनेक पुढे जाऊन बंद होतात, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्याला वळसे घालत जावे लागते. इथे-तिथे एखादी भिंत पडली, तर फक्त एका आंधळ्या बोळातून शेजारच्या आंधळ्या बोळात जाता येते आणि वाहतुकीत फारसा फरक पडत नाही. अशा बऱ्याच भिंती पडल्या की मात्र अचानक सलग वाट तयार होते. आणि वस्तीच्या मधून सरळ रस्ताच काढला, तर बोळ किती आणि कसे होते याची कोणालाच पर्वा उरत नाही. विखुरलेले सूक्ष्म तडे म्हणजे पडलेल्या भिंती, आणि आरपार भेग म्हणजे तो रस्ता.

पहिल्या अवस्थेचे गणित करण्यासाठी हानी नावाची एक राशी वापरतात. ती शून्य असेल तर काँक्रीट अभंग आणि एक असेल तर पूर्ण तुटलेले, हानी ०.१५ म्हणजे काँक्रीटची ताठरता १५ टक्क्यांनी घटलेली. २००१ मध्ये पिकांदे आणि सहकाऱ्यांनी दाबाखाली सूक्ष्म तडे गेलेल्या काँक्रीटमधून वायू पार करून पाहिला आणि हानी वाढत गेली की पारगम्यता घातांकी वेगाने वाढते, असे सूत्र मांडले. त्या सूत्रानुसार हानी ०.१५ पर्यंत पोहोचेतो पारगम्यता साधारण दहापट होते. दहापट हा आकडा मोठा वाटतो खरा. पण मागच्या हिशेबातला लाखोंचा गुणक आठवला, तर ही बोळांमधलीच वाढ आहे, रस्ता अजून झालेला नाही.

दुसऱ्या अवस्थेवर प्रकाश टाकणारा प्रयोग १९९७ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सुरेंद्र शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी काँक्रीटच्या चकत्यांमध्ये नियंत्रित पद्धतीने, ठरावीक रुंदीच्या भेगा पाडल्या आणि त्यांतून पाणी पार करून पाहिले. भेगेची उघडीप ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरपेक्षा कमी असेपर्यंत पारगम्यतेत विशेष फरक पडला नाही. ५० ते २०० मायक्रॉनच्या दरम्यान ती झपाट्याने वाढली आणि २०० च्या पुढे वाढीचा वेग स्थिरावला. घन-नियम पहिल्या मायक्रॉनपासूनच लागू असता, तर असा उंबरठा दिसला नसता. भेग पुरेशी उघडून तिच्या आतल्या वाटा सलग होईपर्यंत तो नियम लागू पडत नाही.

माझ्या मते या विषयाचा कणा इथेच आहे. विखुरलेल्या तड्यांसाठी हानीचे सूत्र चालते, उघडलेल्या भेगेसाठी घन-नियम चालतो, आणि दोहोंच्या मधल्या टप्प्यात एकही धड चालत नाही. हानीचे सूत्र पुढे ताणले तर ते भेग किती रुंद आहे हे सांगूच शकत नाही. घन-नियम मागे ओढला तर तो विखुरलेल्या तड्यांना एकच फट समजतो. पिजोदिए-काबो, द्यूफूर आणि चोइन्स्का यांनी २००९ मध्ये या दोन टोकांना जोडणारे सूत्र सुचवले, ज्यात हानी वाढत जाते तसतसे पहिल्या नियमाचे वजन कमी आणि दुसऱ्याचे जास्त होत जाते. असे जोडकाम तत्त्वतः फार देखणे नसते, पण त्याच्याविना बांधकामाच्या पातळीचे गणित पुढे सरकत नाही.

संगणकाला भेग कशी दाखवायची

संगणकावर बांधकामाचे हजारो लहान तुकडे पाडून प्रत्येकाचा ताण आणि प्रवाह मोजला जातो. त्यात भेग बसवण्याचे दोन जुने मार्ग आहेत. १९६७ मध्ये एन्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी तुकड्यांच्या सीमेवरच भेग उघडू दिली. भेग ही खरोखरच फट म्हणून राहते, पण ती कुठे जाणार हे आधी ठाऊक असावे लागते. १९६८ मध्ये रशीद यांनी अणुभट्टीच्या काँक्रीट पात्रांचा अभ्यास करताना वेगळी वाट धरली : फट काढायचीच नाही, तडकलेल्या तुकड्याचा ताठरपणा कमी करायचा, म्हणजे भेग त्या तुकड्यात पसरवून टाकायची. मोठ्या बांधकामांना ही दुसरी वाट सोयीची पडते, पण ताण काढणाऱ्याला चालणारी ही सोय गळती काढणाऱ्याच्या मुळावर येते, कारण रुंदीच नाहीशी झालेली असते आणि गळती तर तिच्या घनावर अवलंबून आहे.

शिवाय पसरवलेल्या भेगेत आणखी एक खोड आहे. तुकडे जितके लहान पाडावेत, तितकी हानी अधिकाधिक अरुंद पट्ट्यात दाटते आणि उत्तर तुकड्यांच्या आकारावर अवलंबून राहते, जे कोणत्याही गणिताला शोभणारे नाही. यावर तोडगा १९७६ मध्ये हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांच्या कल्पनेतून निघाला : एक चौरस मीटर भेग उघडायला काँक्रीटला ठरावीक ऊर्जा लागते आणि ती पदार्थाचा गुणधर्म आहे, तुकड्यांचा नाही. बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये हीच अट पसरवलेल्या भेगेला लावली. भेगेची ऊर्जा नीट धरली की पट्ट्यातल्या ताणलेपणावरून तिची रुंदी मागाहून काढता येते, आणि मग ती घन-नियमात घालता येते.

यात दिशेचे भान ठेवावे लागते. उभ्या भेगेतून पाणी भेगेच्या पातळीत धावते, तिच्याशी काटकोनात नाही. त्यामुळे तडकलेल्या तुकड्याची पारगम्यता वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळी द्यावी लागते. आणि प्रवाह तरी नुसता वाहणारा पाहुणा कुठे आहे? भेगेत शिरलेले पाणी तिच्या दोन्ही कडांना बाहेर ढकलते. भिंतीच्या बाबतीत हा जोर किरकोळ असेल, पण खोल पाण्याखालच्या धरणाच्या तळाशी तो दुर्लक्षून चालत नाही. तिथे रुंदी प्रवाह ठरवते आणि प्रवाहाचा दाब रुंदी ठरवतो, म्हणून दोन्ही समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात.

गळती आपोआप थांबते, मग एवढी चिंता कशाला?

हा आक्षेप अनुभवातून येतो आणि त्यात तथ्य आहे. पाणी धरणाऱ्या बांधकामांत अनेकदा सुरुवातीला पाझर दिसतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो बंद होतो. भेगेतले पाणी काँक्रीटमधले कॅल्शियम विरघळवते, त्याचा पाण्यातल्या कार्बोनेटशी संयोग होतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक भेगेच्या कडांवर वाढतात. बाहेर दिसणारे पांढरे ओघळ हे त्याचेच चिन्ह असते.

युरोकोडने ही भरून येण्याची क्रिया थेट हिशेबात धरली आहे. पाण्याची उंची भिंतीच्या जाडीच्या ५ पट किंवा त्याहून कमी असेल तर आरपार भेग ०.२ मिलिमीटरपर्यंत चालते. ही उंची ३५ पट किंवा जास्त असेल तर मर्यादा ०.०५ मिलिमीटरवर येते आणि मधल्या किमती प्रमाणात घेतल्या जातात. आपल्या ३ मीटर पाण्याच्या आणि ३० सेंटीमीटर जाडीच्या भिंतीसाठी मर्यादा ०.१७५ मिलिमीटर निघते.

मात्र ही सवलत अटींवर मिळते. भेग स्थिर असायला हवी. ऊन-थंडीने किंवा टाकी भरण्या-रिकामी होण्याने ती उघडमीट करत असेल तर स्फटिक पुन्हा पुन्हा तुटतात. पाण्याचा वेग जास्त असेल तर ते टिकतच नाहीत, आणि आम्ल किंवा फार मृदू पाणी उलट कॅल्शियम धुऊन नेते व भेग मोठी करते. भरून येण्याचे वेगवान काम पहिल्या काही दिवसांतच होते, त्यामुळे महिनोन्‌महिने त्याच जोराने वाहणारी भेग पुढे कधीतरी बुजेल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो.

हवेसाठी तीच भेग निराळी

हवेची चिकटपणाची राशी पाण्याच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकी असते, म्हणून तितक्याच दाबाच्या फरकाने त्याच भेगेतून हवेचे कितीतरी अधिक आकारमान जाते. शिवाय कोरड्या भेगेत स्फटिक वाढत नाहीत, म्हणजे भरून येण्याची सवलत नाही. भेग नसलेल्या काँक्रीटमध्ये तर आणखी गुंता आहे. छिद्रांत पाणी भरलेले असेल तर हवेची वाट बंद असते. काँक्रीट जसजसे वाळते तसतशी ती उघडते. म्हणून वायूच्या गळतीचे मॉडेल आधी काँक्रीट किती वाळले आहे ते काढते आणि मग गळतीकडे वळते. अतिशय बारीक छिद्रांत वायूचे रेणू कडांवरून घसरतात आणि कमी दाबाला पारगम्यता खोटीच वाढलेली दिसते. क्लिंकेनबर्ग यांनी १९४१ मध्ये दाखवलेला हा परिणाम दुरुस्त केल्याशिवाय वायूने मोजलेला आकडा पाण्याला लावता येत नाही.

पाणी गळत नाही, म्हणजे बांधकाम टिकेल?

तसे म्हणता येत नाही. सळईला गंज आणणारे क्षारांतले क्लोराइड तिच्यापर्यंत पोहोचायला पाण्याचा प्रवाह लागत नाही. ओल्या भेगेतून ते नुसते पसरत जातात, आणि हा पसरण्याचा वेग रुंदीच्या घनावर अवलंबून नसतो. त्यामुळे गळतीच्या दृष्टीने निरुपद्रवी असलेली, सळईपर्यंतच पोहोचलेली भेग गंजाच्या दृष्टीने उपद्रवी ठरू शकते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा घेतो, त्याच्या दाबाने सळईच्या कडेने नवे तडे जातात आणि आधी बंद असलेल्या वाटा एकमेकींना मिळतात. गळती आणि टिकाऊपणा यांची मॉडेले वेगळी ठेवावी लागतात ती याच कारणाने, आणि एकाचे समाधानकारक उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवले जात नाही ना, एवढे वाचकाने जरूर पाहावे.

उत्तर इतके अनिश्चित असेल, तर गणित करायचे कशासाठी?

भेगेच्या रुंदीत २५ टक्क्यांची चूक झाली की गळतीचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. काँक्रीटची ताकद भिंतीभर सारखी नसते, त्यामुळे भेग नेमकी कुठे पडेल हेही संभाव्यतेच्याच भाषेत सांगावे लागते. खडबडीतपणाचा गुणक त्यात भर घालतो. या सगळ्यानंतर गणिताचा आकडा प्रत्यक्षाच्या दोन-तीन पटींच्या आत आला, तरी काम चांगले झाले असे मी मानतो. लिटरच्या दशांशापर्यंत आकडा देणाऱ्या अहवालाबद्दल मात्र शंका घ्यावी.

तरीही दोन पर्यायांची तुलना करायला हे गणित विश्वासार्ह असते. सळया दाट केल्या तर, पूर्वताण वाढवला तर, ओतकाम टप्प्याटप्प्याने केले तर गळती किती पटींनी घटेल, हे प्रश्न असे आहेत की त्यांत बऱ्याच चुका दोन्ही बाजूंना सारख्याच असतात आणि तुलनेत गळून पडतात.

याची सर्वांत कडक परीक्षा फ्रान्समध्ये चालू आहे. तिथल्या १३०० आणि १४५० मेगावॅटच्या अणुभट्ट्यांना काँक्रीटची दोन कवचे असतात आणि आतल्या कवचाला पोलादी अस्तर नसते, म्हणजे वायू अडवण्याचे काम काँक्रीटलाच करावे लागते. ते पूर्वताणामुळे दाबलेले असते, पण वर्षानुवर्षे काँक्रीट वाळत आणि दबत गेले की केबलचा ताण सैल पडतो आणि गळती वाढण्याची शक्यता निर्माण होते. दर दहा वर्षांनी कवचात हवा भरून ती मोजली जाते. पुढच्या चाचणीत काय दिसेल हे आधी सांगता यावे, म्हणून ईडीएफ या वीज कंपनीने पॅरिसजवळ व्हेरकोर्स नावाचे एक-तृतीयांश आकाराचे कवच बांधले आणि त्याच्या गळतीचे भाकीत करण्यासाठी अनेक देशांतल्या संशोधक गटांना आमंत्रण दिले. वाळण्याचा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून हे लहान कवच नऊपट वेगाने वाळते आणि मोठ्या कवचाची अनेक दशके काही वर्षांत पाहायला मिळतात. मात्र कायम भाराखाली काँक्रीट हळूहळू दबत जाण्याचा जो भाग वाळण्याशी निगडित नाही, तो जाडी कमी केली म्हणून वेग घेत नाही. त्यामुळे लहान कवचावर मोजलेली गळती जशीच्या तशी मोठ्यावर नेता येत नाही; वाळणे आणि दबणे वेगवेगळे हाताळणाऱ्या मॉडेलमधूनच तिचा अर्थ लावावा लागतो.